पोरीजवळ बसणाऱ्या मॅडम

भूगोलाच्या मॅडम दिसायला वाईट होत्या, हे माझं मत नाही. नुसतं मत असतं तर मी ते मनातच ठेवलं असतं. आमच्या गावात त्या गोष्टीचा रीतसर उपयोग व्हायचा, म्हणून सांगते.

गाव म्हणजे जळगाव जामोद. आमच्याकडे पोरगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा पोरीजवळ बसायला एक बाई लागते. पोरगी एकटी बसलेली बरी दिसत नाही, आई आतबाहेर करत असते, आणि धाकट्या बहिणीला शेजारी बसवणं म्हणजे आपल्या हातानं घोटाळा करून घेणं. तेव्हा बाहेरची बाई. ती चारचौघांत वावरलेली हवी, पाहुण्यांनी काही वाकडं विचारलं तर सरळ उत्तर देणारी हवी, आणि मुख्य म्हणजे तिच्या शेजारी पोरगी उजळ दिसायला हवी. ही शेवटची अट कोणी तोंडानं बोलत नसे. न बोलताच सगळे भूगोलाच्या मॅडमकडे जात.

मॅडम उंच, हाडापेरानं दांडग्या. रंग काळा. भुवया मधे जुळलेल्या, पुढचे दोन दात ओठांना न जुमानणारे, आणि नाक असं की मॅडमच्या आधी ते वर्गात यायचं. आवाज एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलरचा. मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्यांनी तिशी ओलांडली होती. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहतच राहिल्या. मी दोनदा पदर सारखा केला.

"बाप्पा! एवढं रूप घेऊन तू फळ्यापुढं उभी राहशीन, तं पोट्ट्या फळा कवा पाह्यतीन?" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्या मला 'रूपवती' म्हणू लागल्या. सगळ्यांसमोर, शिपायासमोरसुद्धा. मी वरवर रागवायचे, पण मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मी दिसायला चांगली होते. हे लिहिताना 'होते' असं लिहावं लागतं, त्याचंच तर हे सगळं रामायण आहे. रंग उजळ, डोळे घारे, चेहरा रेखीव. बसस्टँडजवळच्या फोटो स्टुडिओवाल्यानं माझा लग्नानंतरचा एक फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला होता. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. पण स्टुडिओवाला त्यांच्या ओळखीचा निघाला आणि फोटो राहिला. रोज शाळेत जाताना मी त्या दुकानावरून जायचे आणि मान वळवायची नाही असं ठरवून वळवायचे.

मला त्या पहिल्याच वर्षी एका पाहणीला बसवलं होतं. शाळेतल्या एका सरांच्या बहिणीची पाहणी होती आणि भूगोलाच्या मॅडम त्या दिवशी वरवट बकालला, भावाच्या शेतावर गेल्या होत्या. मी बसले. चांगली जरीकाठी नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून बसले. मला काय माहीत! दुसऱ्या दिवशी मध्यस्थ डोक्याला हात लावून सरांच्या दारात हजर.

"पाहुण्यायले पोरगी पसंत आहे," तो म्हणाला, "पन घोळ झाला ना बाप्पा. त्यायनं जवळ बसेल पोरगी पसंत केली."

त्या दिवसापासून मला पोरीजवळ बसायची बंदी झाली. कोणी तसं सांगितलं नाही, पण ज्या घरी पाहुणे येणार असतील त्या घरच्या बायका आदल्या दिवशी मला भेटून सांगायच्या, "मॅडम, उद्या आमच्याकडं गर्दी हाये, तुमी परवाच या हो चहाले." नात्यातल्या पाहण्यांनाही मला आत भजी तळायला बसवत. ही बंदी मी मिरवली. कुठं मिरवायची तर सगळीकडे. माहेरी गेले की आईला सांगायचे, नवीन शिक्षिका आली की तिला सांगायचे. नवऱ्यानं भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं की त्यालाही आठवण करून द्यायचे. लोकांना पदव्या असतात, मला ही बंदी होती.

आणि मॅडमना बोलावणं. त्यांना ते का येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. त्यांनी त्याचा धंदाच करून टाकला होता, पैसे न घेण्याचा. अटी मात्र कडक. पोहे चालणार नाहीत, आलुबोंडे पाहिजेत, तेही गरम. पोरगी आदल्या दिवशी दाखवायची. "पाहुण्यायच्या आधी मी पाह्यन," त्या म्हणायच्या. मग पोरीच्या घरी जाऊन तासभर तिच्यासमोर नुसत्या बसायच्या. ही साडी नेस, ती नेस, मान खाली ठेव, असलं काही सांगायच्या नाहीत. आणि पाहणीच्या दिवशी एक ठरलेलं मातकट पिवळं पातळ नेसून यायच्या, ज्यात त्या आहेत त्याहून दुप्पट काळ्या दिसत. त्याला त्या 'पाहणीचं पातळ' म्हणायच्या. एरवी ते नेसायच्या नाहीत.

ऐन पाहणीत, पाहुणे स्थिरस्थावर झाले आणि पोरगी मान खाली घालून बसली की त्या तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलायच्या. एकच वाक्य असावं. आणि पोरीचं तोंड बदलायचं. हे मी स्वयंपाकघराच्या दारातून, हातात झारा घेऊन कितीतरी वेळा पाहिलं आहे. भाकरीसारखी बसलेली पोरगी एकदम मान वर करायची, डोळ्यांत हसू दाबायची, आणि खरंच चांगली दिसायची. काय सांगितलं म्हणून विचारलं तर पोरी सांगत नसत. "काही नाही, मॅडम," म्हणून पळायच्या. काही बायकांची तर खात्री होती की भूगोलाच्या मॅडम मंत्र घालतात.

मला मंत्रबिंत्र वाटत नव्हतं. मला वाटायचं, शेजारी एवढं नाक असल्यावर कुठलीही पोरगी चांगली दिसेल.

त्यांना पाहण्याची सवय होती. सवय कसली, व्यसन. एस.टी.त बसल्या की खिडकीबाहेर न बघता माणसांकडे बघायच्या. समोरच्या बाकावरचा माणूस आधी घड्याळ बघायचा, मग शर्टाची बटणं चाचपायचा, शेवटी दुसरीकडे जाऊन उभा राहायचा. मला लाज वाटायची. मी कोपरानं ढोसलं की म्हणायच्या, "काऊन? पाहाले काय तिकीट लागते? त्याची हनुवटी पाह्य वं. एकीकडून त्याच्या मायची असन, एकीकडून बापाची. मधात जमलंच नाई." बारा महिने पुरुषी काळी छत्री काखेत, थंडीतसुद्धा. केस विंचरायच्या त्या अंगणात उभ्या राहून, रस्त्यावर लक्ष ठेवून. घरात आरसा नव्हताच. मी एकदा कुंकू नीट करायला आरसा मागितला तर म्हणाल्या, "माहं तोंड लोकायसाठी हाये. मले काय कराचं पाहून?"

लग्न त्यांनी केलं नव्हतं, किंवा झालं नव्हतं. ते एकदाच, डबा खाताना, शेंगदाण्याच्या चटणीत भाकरी बुडवत सांगितलं. "माही पाहनी झालीच नाई कवा. बापानं फोटो धाडला, तिकडून फोटो वापस आला. दुसरीकडं धाडला, तिकडूनबी वापस. फोटो लय फिरला माहा, मी घरीच." एवढं बोलून माझ्या डब्यातलं लोणचं उचललं. मी त्यांची मनापासून कीव केली. त्या काळात मला कीव करणं फार चांगलं जमायचं.

वर्गात नदीच्या अवस्था शिकवायच्या तेव्हा त्यांचा आवाज शेजारच्या माझ्या वर्गात यायचा. युवावस्थेत नदी उड्या मारते, आदळआपट करते, पुस्तकात तिचेच फोटो जास्त. म्हातारपणी ती रुंद होते, गाळ टाकते, तिच्या काठी पिकं होतात. हे त्या स्टाफरूममध्येही चालवायच्या. मी नवीन लिपस्टिक लावून आले की चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "अजून धबधबा हाये रूपवती. चालू दे, चालू दे." एकदा मी चिडून विचारलं, "आणि तुम्ही कोणत्या अवस्थेत?" तर विचार करून म्हणाल्या, "माह्या डोंगराले आत्ता कुठं पानी लागून राह्यलं." सगळे हसले. मीही हसले, कारण त्यात काही खरं असेल असं मला वाटलं नव्हतं.

कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. असल्या मेल्या गोष्टी सांगून सुरू होत नाहीत. आधी त्यांचे केस पांढरे झाले, ते चाळिशीतच. त्यांनी रंगवले नाहीत, आम्ही बाकीच्या हसलो. मग ते पूर्ण पांढरे झाले. काळ्या चेहऱ्याभोवती पांढरे शुभ्र दाट केस. दात काढावे लागले आणि नवे बसवले ते सरळ रांगेत. गालाची हाडं वर आली, कपाळावर आडव्या तीन रेघा आल्या. आणि ते नाक! सगळा चेहरा त्या नाकाच्या मापाचा व्हायला इतकी वर्षं लागली होती, एवढंच. आता ते नाक दुसऱ्या कोणाला शोभलं नसतं. चालणं तेच, छत्री तीच, आवाज तोच. पण पूर्वी शिपाई ज्या आवाजाची नक्कल करायचा त्या आवाजानं आता शिक्षणाधिकारी उठून उभे राहायचे.

माझं उलट चाललं होतं. माझा चेहरा कोवळेपणाच्या बळावर उभा होता, ते मला तो खचल्यावर कळलं. रेखीव ओठ आत गेले. उजळ कातडी पातळ असते, ती आधी सुरकुतते. मी कोरफड लावली, मुलतानी माती लावली, अकोल्याहून मागवून एक महागाची क्रीम लावली. केसांना डाय लावते, तो कपाळावर उतरतो. मॅडम बाजारात निघाल्या की भाजीवाल्या त्यांना हाक मारून बसायला गोणपाट टाकतात. मी गेले की त्याच भाजीवाल्या म्हणतात, "काय देऊ काकू?" जळते मी. सरळ सांगते, जळते.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी जे झालं ते तर मी जन्मात विसरणार नाही. निरोप समारंभाला फोटो काढायला तोच स्टुडिओवाला आला होता, म्हणजे आता त्याचा मुलगा. सगळ्यांचे एकत्र फोटो झाले. मी मधे उभी राहायचं धोरण ठेवलं होतं. मग तो मुलगा मॅडमना म्हणाला, "मॅडम, तुमचा एकटीचा एक घेऊ का? तिकडं खिडकीपाशी?" मॅडम छत्री घेऊनच उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांनी मी बसस्टँडवरून येत होते. मान वळवायची नाही असं ठरवून वळवली. काचेत माझा फोटो नव्हता. इतकी वर्षं उन्हानं निळा पडत गेला होता, खरं आहे, माझं नाक तेवढं ओळखू यायचं, पण होता. त्या जागी भूगोलाच्या मॅडम. पांढरे केस, काळी छत्री, आणि बघत होत्या अशा की रस्त्यानं जाणाऱ्यानं शर्टाची बटणं चाचपावी.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो स्टुडिओवाल्याला चार शब्द सुनावेल.

"हाव, पाह्यला ना मी," तो चहा ढवळत म्हणाला. "लय भारी आला फोटो. बाई देवीवानी दिसते आता."

मी त्याला रात्रीची भाजी वाढली नाही. त्यानं लोणच्याशी खाल्लं आणि त्याला काही कळलंही नाही.

गंमत म्हणजे यातून मॅडमचा धंदा बसला. आताच्या पोरी मोबाईलवर आधी सगळं बघतात, बोलतात, तरी पाहुणे यायचे ते येतातच आणि पोरीजवळ कोणीतरी बसावंच लागतं. पण मॅडम बसल्या की पाहुणे त्यांच्याकडेच बघू लागले. नांदुऱ्याहून आलेल्या एका पाहुण्यांचा किस्सा गावभर झाला. मुलाचा बाप मॅडमशी पूर्णा नदीबद्दल बोलत बसला तो बसलाच. आलुबोंडे आले, चहा आला, गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. जिन्यात चपला घालताना त्या माणसाच्या लक्षात आलं की पोरीला आपण नावसुद्धा विचारलं नाही. ते लग्न जमलं नाही. त्यानंतर मॅडमना बोलावणं बंद झालं.

म्हणजे माझी बंदी आता त्यांच्याकडे गेली. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी तिखट कांडत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाचं होतं असं मी घरात सांगितलं.

तरी एक आशा होती. त्यांना बंदी झाली, पण माझी उठली असं तर कोणी म्हटलं नव्हतं. मलाही अजून कोणी पोरीजवळ बसायला बोलावत नव्हतं. एका गावात दोघी सुंदर असू शकतात, असं मी मनाला समजावलं होतं.

मग मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी डोक्याला डाय लावून, खांद्यावर जुना टॉवेल टाकून गच्चीत उन्हाला बसले होते. शेजारीण तिच्या गच्चीतून कठड्याशी आली. तिची पोरगी औषधांचं शिकलेली, गुणी, दिसायला चारजणींसारखी.

"ताई, रविवारी पाहुने येऊन राह्यले धाड गावाहून. तुमी बसता का पोरीजवळ?"

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "मी? मी कशी बसू? तुला माहीत आहे ना, त्या सरांच्या बहिणीच्या वेळी..."

"माईत हाये ना. सासूबाई सांगत." ती हसली. मनानं चांगली आहे ती, तिच्या मनात काही नव्हतं. "पन आता काय हरकत हाये, ताई? भूगोलाच्या मॅडमले सांगनार होतो, पन त्या बसल्या की पाहुने त्यायच्याकडंच पाह्यतात. तुमी बसल्या तं काही भेव नाई."

काही भेव नाही. डोक्यावरचा डाय वाळून कडक होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.

दुपारी मी मॅडमच्या घरी गेले. का गेले ते मला माहीत नव्हतं. भांडायला गेले असेन. त्या अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. केस नुकतेच धुतलेले, पाठीवर मोकळे. मागं सातपुड्याची रांग. अशा ठिकाणी बसायची त्यांना गरज होती का? घरात बसून शेंगा सोलता येतात.

"ये वं रूपवती. तोंड काऊन असं?"

"मला बोलावलं, मॅडम. पोरीजवळ बसायला."

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की सूप मांडीवरून घसरलं. "आली वं माय! रूपवती आली धंद्यात!"

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. "तुम्हाला वाईट नव्हतं वाटत? सगळ्या गावाला माहीत होतं तुम्हाला कशासाठी बोलावतात ते."

त्यांचं हसू थांबलं. सूप उचलून त्यांनी सांडलेल्या शेंगा गोळा केल्या. "पहिल्यांदा वाटलं ना. कोनाले नाई वाटनार? घरी येऊन जेवलीबी नाई मी. मंग दुसऱ्या डावाले गेली तं ते पोरगी थरथर कापून राह्यली होती. मी म्हटलं, माह्याजवळ कवा कोनी असं बसलं नाई. मले बसाले भेटून राह्यलं, तं बसावं नीट."

"आणि कानात काय सांगायच्या त्यांच्या?"

"ते सांगाचं नसते. तिथं सुचलं तं सुचलं. नाई सुचलं तं आलुबोंडे खाऊन येजो." मग त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हातात ते मातकट पिवळं पातळ होतं, घडीवर घडी बसलेलं. "घे. हे नेस. ह्याच्यात कोनीबी वाईट दिसते."

"मला नको."

"घे वं. मले आता त्याचा काय उपेग? मी हे नेसली तरीबी लोक..." आणि त्या थांबल्या. पातळाच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं. आणि तेही त्यांना शोभलं! मी ते पातळ जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

रविवारी मी ते नेसले ते हट्टानं. म्हटलं, बघू या, माझ्या अंगावर हे कसं वाईट दिसतं. उजळ माणसाला पिवळा रंग खुलतो. आरशात बघितलं तर ते पातळ आणि मी, दोघीही सारख्याच विटलेल्या होतो. बदलायला वेळ नव्हता, खाली गाडी येऊन थांबली होती.

पाहुणे चार. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मुलाचे वडील आत आले आणि माझं लक्ष त्यांच्या कानांकडेच गेलं. सुपाएवढे, बाहेर वळलेले. मागून मुलगा आला, त्याचेही तसेच. पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा हात बर्फासारखा होता. तिनं मान खाली घातली. माझी वेळ आली होती आणि मला काही सुचत नव्हतं. सुचणार कसं? मी मुलाच्या आईकडे बघत होते, कारण मुलाची आई माझ्याकडे बघत होती.

पोरीकडे नाही, माझ्याकडे. आल्यापासून. मी पदर सारखा केला. काका पोरीला नोकरीचं विचारत होते, ती हळू आवाजात सांगत होती, आणि ती बाई माझ्यावरून नजर काढत नव्हती. माझी मान आपोआप ताठ झाली. काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! शेजारणीला ऐकू जाईल असं ओरडून सांगावंसं वाटलं, बघ, भेव आहे म्हणून. या वयात, विटक्या पातळात, डाय उतरलेल्या कपाळासकट.

चहा आला तेव्हा ती बाई उठली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. माझ्या पदराचा काठ तिनं दोन बोटांत धरला.

"हे पातळ तुमचं आहे का?" तिनं हळूच विचारलं.

"का हो?"

"भूगोलाच्या मॅडम होत्या इथं. त्यांचं असंच होतं." तिचं बोलणं आता धाडकडचं झालं होतं, पण मधेच माहेर डोकावत होतं. "माझं माहेर वरवट बकालचं. पाहणी इथं मामाकडं झाली. त्या माझ्याजवळ बसल्या होत्या. मी अशी घाबरलेली! तर माझ्या कानात काय म्हणाल्या सांगू? 'पोरी, त्यायले काय दाखवून राह्यली? तू पाह्य. त्याचे कान पाह्य.'" तिनं समोर बसलेल्या नवऱ्याकडे हनुवटीनं दाखवलं. "मी पाह्यले. हसूच आवरंना. यांनी कानाला हात लावला आन लाजले. मग मला यांची भीतीच वाटली नाही. आजबी भांडण झालं की मी कानाकडं पाहते."

पोरगी आमच्या मधे नव्हती, पण माझ्या खांद्याशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला काही सांगावंच लागलं नाही. तिनं मान वर केली आणि समोरच्या मुलाकडे पाहिलं, आधी उजवा कान, मग डावा. ओठ दाबून धरले तरी डोळ्यांतून हसू सांडलं. मुलानं कानाला हात लावला. त्याच्या बापानंही लावला, का ते त्याला ठाऊक नसावं. आणि सगळी बैठक पोरीकडे बघायला लागली, कारण ती तेव्हा खरोखर बघण्यासारखी दिसत होती.

मी त्या बाईला म्हटलं, "मॅडम आता फार छान दिसतात म्हणे." म्हणे! जणू मला माहीत नव्हतं.

"आता?" ती म्हणाली. "तेव्हाच किती सुंदर होत्या हो त्या! त्या येऊन बसल्या आन मी तर आणखीच घाबरले. म्हटलं, आता पाहुणे यांनाच पाहतील, माझ्याकडं कोण पाह्यते? मामीवर लय राग आला मला. एवढी देखणी बाई कशाला जवळ बसवली म्हणून."

ती थट्टा करत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहून खात्री केली, मॅडम एस.टी.त पाहायच्या तसं.

म्हणजे गावातली देखणी मी आता तर नाहीच, पण तेव्हाही नव्हते. माझा फोटो काचेत होता, मी दाराआड भजी तळत होते आणि माझी बंदी मिरवत होते, तेव्हासुद्धा बैठकीत पोरीजवळ बसलेली जी होती तिला बघून कोणीतरी घाबरत होतं.

पाहुण्यांनी जाताना होकार दिला. शेजारणीनं माझ्या पाया पडून मला आणखी म्हातारी केलं.

दुसऱ्या दिवशी पातळ धुऊन, इस्त्री करून मी मॅडमकडे नेलं. त्यांना सगळं सांगितलं. धाडची बाई, तिच्या नवऱ्याचे कान, मुलाचे कान, बापलेकांनी कानाला लावलेले हात. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"ते कान! हाव, आठवते ना मले. बैलगाडीच्या चाकाएवढे कान होते त्या पोट्ट्याले." मग चष्मा पुसत त्यांनी सहज विचारलं, "आनखी काय म्हने ते बाई?"

"एवढंच," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या त्या नजरेनं. मी शर्टाची बटणं चाचपली असती, शर्ट असता तर. "एवढंच?"

"हो. एवढंच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पातळ परत माझ्या हातात दिलं. "ठेव तुह्यापाशीच. आता तुले लागीन."

ते माझ्या कपाटात आहे. त्यानंतर मी तीन पोरींजवळ बसले आणि आलुबोंड्यांची अट मीही घालते. मॅडम ठणठणीत आहेत, बाजाराच्या दिवशी छत्री घेऊन दिसतात आणि माणसं त्यांना वाट करून देतात. फोटो अजून काचेत आहे, तो निळासुद्धा पडत नाही. गावानं त्यांना सगळं दिलं, माझा नवरासुद्धा वळून बघतो. धाडच्या बाईचं ते एक वाक्य मात्र मी त्यांना दिलेलं नाही, आणि देणारही नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे.